आरोप फुकट, कागद कुलपात

घाटकोपर, मुलुंड, भांडुप, अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली इथल्या रहिवाशांसाठी हे आवाहन आहे, आणि ते घाईचं आहे. येत्या 13 मे रोजी घाटकोपरमधल्या छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळल्याला दोन वर्षं होतील. त्या दिवशी मेणबत्त्या लागतील, सगळ्या पक्षांची माणसं कॅमेऱ्यासमोर येऊन एकमेकांच्या नावाने खडे फोडतील, आणि तो कार्यक्रम तुम्हाआम्हाला मोबाइलवर फुकट बघायला मिळेल. त्याआधी एक काम करायचं आहे. आपापल्या नाक्यावरचं, सोसायटीतलं किंवा संस्थेचं बंद पडलेलं वृत्तपत्र वाचनालय पुन्हा सुरू करा, तिथे निदान दोन दैनिकं पदरचे पैसे घालून घ्या, आणि त्या दैनिकांच्या संपादकांकडे एक मागणी लेखी पाठवा. मागणी कोणती ते सांगतो. पण आधी हे कशासाठी, ते ऐका.

मी घाटकोपर पूर्वेला राहतो. 13 मे 2024, सोमवार. दुपारी चारनंतर आभाळ मातकट झालं, धुळीचं वादळ सुटलं आणि मागोमाग अवेळी पाऊस. पूर्व द्रुतगती महामार्गावरची बरीच माणसं पावसापासून आडोसा म्हणून पंपाच्या छताखाली थांबली होती. तिथे पेट्रोल भरायला आलेल्या गाड्यांची रांगही होती. साडेचारच्या सुमारास 120 फूट रुंद, 120 फूट उंच लोखंडी सांगाडा त्या छतावर पडला. 17 माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. मुंबई महापालिका जास्तीत जास्त 40 बाय 40 फुटांच्या फलकाला परवानगी देत असे. म्हणजे हा फलक परवानगीच्या नऊ पट क्षेत्रफळाचा होता, आणि तो रात्रीतून उगवलेला नव्हता. त्याच्या आकाराची नोंद 'लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्स'मध्ये होती. आपण सगळे रोज त्याच्याखालून जात होतो. मीही.

त्या रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं, ते तुमच्याही ग्रुपवर झालं असेल. आधी व्हिडिओ आले. मग फोटो आले, फलकाच्या मालकाचे एका बाजूच्या नेत्याबरोबरचे. तासाभरात उत्तर म्हणून आरोप आला, तो दुसऱ्या बाजूचा. त्यानंतर कुणीतरी एका इंग्रजी दैनिकाच्या बातमीची लिंक टाकली. मथळा ठळक होता, परवानगी नेमकी कुणी दिली याबद्दलचा. उघडली तर दोन ओळी दिसल्या, तिसरी ओळ धूसर होत गेली आणि खाली कुलपाचं चित्र. पुढे वाचायचं तर वर्गणी भरा. 'पूर्ण बातमी कुणाकडे आहे का?' असं चौघांनी विचारलं. कुणाकडेच नव्हती. आमचे तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, 'कुलूप लावलंय म्हणजे सरकारने दाबली बातमी!' त्यांची समजूत घालता घालता रात्रीचे साडेअकरा वाजले. तोवर अर्ध्या बातमीवर पुरं भांडण होऊन दोघं ग्रुपमधून बाहेर पडले होते.

हसू येतं, पण गोष्ट हसण्यासारखी नाही. त्या कुलपाआड काय होतं, ते हळूहळू वेगवेगळ्या ठिकाणी वाचून जमवावं लागलं. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. महापालिका म्हणाली, आम्ही परवानगी दिलेलीच नाही. लोहमार्ग पोलिसांच्या बाजूने म्हणणं आलं की जागा रेल्वेची, तिथे महापालिकेची परवानगी लागत नाही. या दोन वाक्यांच्या फटीत सांगाडा उभा राहिला. त्याच्याही आधी, 2023 मध्ये, फलक नीट दिसावा म्हणून तिथल्या झाडांना विष घालून मारल्याची तक्रार महापालिकेने पोलिसांत केली होती. झाडं आधी मेली. ती बातमी तेव्हा वाचल्याचं तुमच्यापैकी किती जणांना आठवतं? मला आठवत नाही, आणि मी रोज पेपर वाचतो असं चारचौघांत सांगत असतो.

पुढचं थोडक्यात. जाहिरात कंपनीचा संचालक तीन दिवसांनी उदयपूरला पकडला गेला. हे गृहस्थ 2009 मध्ये मुलुंडमधून विधानसभेला अपक्ष उभे होते. परवानगी देणाऱ्या तत्कालीन लोहमार्ग पोलीस आयुक्तांना जून 2024 मध्ये निलंबित केलं गेलं. पोलीस महासंचालक कार्यालयाच्या मंजुरीशिवाय त्यांनी ती दिल्याचा ठपका होता. निवृत्त न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची चौकशी समिती नेमली गेली. जुलैमध्ये तीन हजारांहून अधिक पानांचं आरोपपत्र दाखल झालं. दोष कुणाचा आणि किती, ते न्यायालय ठरवेल.

माझं म्हणणं त्या आरोपपत्राबद्दल नाहीच. ते आपल्यापर्यंत काय रूपात पोहोचलं, त्याबद्दल आहे. कोण कुणाबरोबर फोटोत होता हे आपल्याला पाठ आहे. परवान्याची मुदत किती, भाडं किती, पाया किती खोल, अर्जावर कुणाची सही, हे विचारलं तर आपण एकमेकांची तोंडं बघतो. आरोप फुकट मिळतो, कारण तो करणाऱ्याला तो तुमच्यापर्यंत पोहोचवायचाच असतो. चॅनलवर बाइट देताना कोणी पैसे मागत नाही. कागद मात्र कुणीतरी खपून आणलेला असतो. वॉर्ड ऑफिसच्या चार खेपा, माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांची वाट, उत्तर नाही आलं तर अपील. तो खर्च भरून काढायला पेपर कुलूप लावतात. म्हणजे एखादं प्रकरण पेटतं त्या आठवड्यात शहाण्या माणसालाही बोंब तेवढी ऐकू येते आणि पुरावा दिसत नाही. आठ दिवसांनी पुरावा समोर आला, तरी तोवर प्रत्येकाने आपली बाजू धरलेली असते.

छेडा नगरच्या वेळी तर मुंबईत लोकसभेचं मतदान एका आठवड्यावर, 20 मे रोजी होतं. 15 मे रोजी घाटकोपर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर पंतप्रधानांचा रोड शो झाला, तेव्हा पूर्वेला ढिगारा उपसणं अजून चालू होतं. त्या आठवड्यात मतदार म्हणून आपल्याला कागदाची गरज होती आणि आपल्या हातात फोटो होते.

आणखी एक गोष्ट विसरू नका. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. नगरसेवक नाही, सभागृह नाही, स्थायी समिती नाही. पूर्वी स्थायी समितीत एखादा विरोधी नगरसेवक हट्टाने प्रस्ताव रोखून धरायचा, त्याची कुजबूज बाहेर बसलेल्या वार्ताहराच्या कानावर जायची आणि दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार परिच्छेद यायचे. ती वाट बंद होती. 2024-25 चा महापालिकेचा अर्थसंकल्प 59,954 कोटी रुपयांचा होता, 2025-26 चा 74,427 कोटींचा. एवढा पैसा खर्च होताना त्यावर नजर ठेवायला उरले कोण? थोडे माहिती अधिकार कार्यकर्ते आणि थोडे बातमीदार. त्याच काळात मुंबईतले पेपर मिटत गेले होते. 'आफ्टरनून' आणि 'डीएनए'ची छापील आवृत्ती 2019 मध्ये बंद झाली. महापालिकेच्या अंगणातल्या बातम्या नेमाने देणारा 'मुंबई मिरर' डिसेंबर 2020 मध्ये रोजचा पेपर म्हणून संपला. पेपर बंद झाला की उपनगर बीट करणारा माणूसही जातो, आणि आर मध्य किंवा टी वॉर्डाच्या कार्यालयात कोणाची ओळख उरत नाही.

आता जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर 227 नगरसेवक पुन्हा बसले आहेत. चार वर्षांत कुणी न विचारलेले प्रश्न त्यांच्यापुढे आहेत, आणि त्यांनी ते विचारले की नाही हे बघणं आपल्याकडे आहे. घाई म्हणतो ती यासाठीही.

हे एकट्या घाटकोपरचं दुखणं नाही. पवई, मरोळ, साकीनाका करत कुर्ल्याकडे जाणाऱ्या मिठी नदीचं घ्या. 26 जुलै 2005 रोजी 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हिने काय केलं ते अंधेरी-कुर्ल्याला सांगायला नको. तिचा गाळ काढण्याच्या कंत्राटांत घोटाळा झाल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे 2025 मध्ये नोंदवला. पालिकेचं 65 कोटींहून अधिक नुकसान झाल्याचा आरोप आहे, आणि आरोपींत कंत्राटदारांबरोबर पालिकेचे अधिकारीही आहेत. प्रकरणाची गोम अगदी साधी आहे. नदीतून काढलेला गाळ टाकायला जागा लागते. त्या जागेच्या मालकांशी केलेले करार खोटे होते, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. म्हणजे गाळ गेला कुठे, आणि मुळात निघाला का? आता आठवून बघा, त्या महिन्यात तुम्ही काय पाहिलंत. एका हिंदी सिनेनटाला चौकशीला बोलावलं होतं, तो गाडीतून उतरतानाचा व्हिडिओ पाहिलात. मीही पाहिला, दोनदा. गाळाच्या कराराची नक्कल मी पाहिलेली नाही.

इथे कुणी म्हणेल, मग पेपरवाल्यांनी सगळं फुकट करावं, जनहिताचा मामला आहे. मला हे अजिबात पटत नाही. फुकट बातमीचे पैसे कुणीतरी भरतच असतो, आणि तो तुम्ही नसलात तर ज्याच्याबद्दल बातमी आहे तो असण्याचा संभव असतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत एका बड्या नेत्याच्या स्तुतीचा तोच मजकूर शब्दही न बदलता छापून आला होता. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते उघड केलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी गेला. ते पान वाचकाला दोन-तीन रुपयांतच मिळालं होतं. आमच्या उपनगरात वाढदिवसाच्या पुरवण्या निघतात, त्यांचं तर विचारूच नका. पेपरची किंमत पाच-सहा रुपये असते आणि तेवढ्यात कागदसुद्धा निघत नाही. बाकीचं जाहिरातदार भरतो, त्यात सरकार येतं, बिल्डर येतो. 1981 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानांचं प्रकरण 'इंडियन एक्सप्रेस'ने काढलं, तेव्हा मुख्यमंत्र्यांची नाराजी पचवण्याची ताकद त्या पेपरात होती. जानेवारी 1982 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. अशी ताकद वर्गणीतून येते. तेव्हा कुलूप लावणाऱ्याला शिव्या घालू नका.

आणि कुलूप तोडून पीडीएफही फिरवू नका. 2020 च्या टाळेबंदीत छपाई थांबली, घरी पेपर येईना, तेव्हा आपण सगळ्यांनी ई-पेपरच्या पीडीएफ सकाळच्या गुड मॉर्निंगसारख्या पुढे ढकलल्या. पेपरवाले ओरडले, एक दैनिक तर टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तिथली पीडीएफ फिरवणारी चॅनल बंद करण्याचा आदेश घेऊन आलं. बातमीदाराच्या पगाराला आपणच कात्री लावत होतो, हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

पण त्याच 2020 मध्ये दुसरीही गोष्ट घडली. जगभरच्या अनेक बड्या दैनिकांनी करोनाच्या बातम्यांपुरतं कुलूप काढून ठेवलं. ती माहिती माणसाच्या जिवाशी निगडित होती, म्हणून. बाकीचा पेपर पैसे देऊनच वाचायचा होता. मला जे मागायचं आहे ते यातूनच सुचलं.

मागणी अशी. आपल्या वॉर्डातल्या माणसांचा जीव किंवा महापालिकेचा पैसा ज्या बातमीत गुंतला आहे, त्या बातमीमागचा मूळ कागद पहिल्याच दिवसापासून सर्वांना खुला ठेवा. परवाना, नोटीस, निविदा, करार, माहिती अधिकारातलं उत्तर, जे हाती आलं असेल ते. माहिती देणाऱ्याचं नाव उघड होणार असेल तर तो भाग झाका. तुमचा लेख, तुमचं विश्लेषण, तुमच्या बातमीदाराची मेहनत कुलपात असू द्या, त्याचे पैसे आम्ही देऊ. आणि आठवड्याभराने ती बातमीही उघडा. माहिती अधिकारातून आलेला कागद दहा रुपयांच्या अर्जावर कोणालाही मिळू शकतो, तो सरकारी तिजोरीतून निघाला की मग तुमच्या तिजोरीत कशाला? इंग्रजी दैनिकांना एक जादा विनंती आहे. अशा बातमीचा चार ओळींचा मराठी गोषवारा त्याच पानावर द्या. छेडा नगरच्या पंपावर थांबलेल्यांत रिक्षा-टॅक्सीवाले, पंपावरचे कामगार होते. त्यांच्या घरच्यांना कोणती भाषा वाचता येते, ते तुम्हाला माहीत आहे.

आता आपल्या वाट्याचं काम.

आमच्या नाक्यावर एक वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि छातीच्या उंचीची प्लायवूडची उतरती फळी. पेपर वाऱ्याने उडू नये म्हणून वर लोखंडी पट्टी, तीही गंजलेली. सकाळी सहाला पेपर टाकणारा पोरगा तीन अंक टाकून जायचा. सातपर्यंत पानं सुटी व्हायची. क्रीडापान एकाकडे, राशिभविष्य दुसऱ्याकडे, आणि एक निवृत्त बेस्ट कंडक्टर महापालिकेची बातमी मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण शेजारच्या गृहस्थांना मोतीबिंदू होता. वर फलकावर अर्थातच एका नेत्याचं नाव आणि हात जोडलेला फोटो. पेपरचे पैसे तेच भरत. एका सकाळी त्यांच्याबद्दल काहीतरी छापून आलं. तिन्ही अंक फळीवर होते, ते पान मात्र एकातही नव्हतं. कंडक्टर म्हणाले, 'आज बातमी चांगली आली असणार.' मग टाळेबंदी आली, अंक थांबले आणि पुन्हा सुरू झालेच नाहीत. आता त्या फळीवर कुरिअरवाले पाकिटं लावतात. नेत्याचा फोटो तेवढा नवा आहे.

हेच पुन्हा उभं करायचं आहे, फक्त पैसे आपले. हिशेब सांगतो. एका मराठी दैनिकाचं महिन्याचं बिल दीडशे-दोनशे रुपये. दोन घेतली तर चारशे. साठ घरांच्या सोसायटीत घरटी सात रुपयेसुद्धा होत नाहीत, अर्धा वडापाव. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवर दोन तास भांडता, त्यातली पाच मिनिटं या ठरावाला द्या. फळी गेटच्या आत नको, बाहेर लावा, म्हणजे वॉचमन, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले उभ्या उभ्या वाचतील. जागा फुटपाथवर असेल तर वॉर्ड ऑफिसची परवानगी घ्या. होर्डिंगबद्दल ओरडून आपणच विनापरवाना फळी ठोकली तर शोभायचं नाही.

जुन्या संस्थांना वेगळं सांगणं आहे. मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, गोरेगावचं केशव गोरे स्मारक, आणि बोरिवली-कांदिवलीपासून विक्रोळी-भांडुपपर्यंतची लहान ग्रंथालयं, तुमच्याकडे जागा आहे, वाचक आहेत, विश्वास आहे. इंग्रजी-मराठी दैनिकांची डिजिटल वर्गणी संस्थेच्या नावाने मागा. एकट्याच्या नावाची वर्गणी पन्नास जणांत फिरवणं नियमात बसत नाही, पण संस्थेसाठी वेगळा दर ठरवता येतो. पेपरवाल्यांशी एकेकटं बोलण्यापेक्षा चार ग्रंथालयांनी मिळून बोलावं. वाचनकक्षात एक संगणक ठेवा, पडद्याची अक्षरं मोठी करून ठेवा. आमच्या कंडक्टरसारखा वाचून दाखवणारा कुणी मिळाला तर उत्तमच.

कॉलेजच्या मुलांनो, तुमच्या बोटांना सवय आहे म्हणून हे तुमच्याकडे. आपल्या वॉर्डातल्या एका विषयाबद्दल, फलक म्हणा, नाला म्हणा, एखाद्या बातमीची वाट न बघता माहिती अधिकाराचा अर्ज करा. माहितीचा संबंध कुणाच्या जिवाशी असेल तर कायद्याने 48 तासांत उत्तर द्यायचं असतं, हे अर्जात लिहायला विसरू नका. उत्तर आलं की त्याची प्रत त्या फळीवर लावा. 2024 मध्ये महापालिकेने फलकांच्या नव्या धोरणाचा मसुदा काढून लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या होत्या. आमच्या इमारतीतून एकही गेली नाही. मुदत संपल्यावर कळलं.

1 मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, झेंडावंदन आटोपल्यावर सोसायटीच्या आवारात दहा माणसं थांबवा आणि वर्गणी गोळा करा. संपादकांना पाठवायचं पत्र मराठीत, एका पानात, सगळ्यांच्या सह्यांसह त्याच दिवशी लिहा. एन वॉर्डातल्यांनी छेडा नगरचे परवान्याचे कागद मागावेत, के पूर्वमधल्यांनी मिठीच्या गाळाचे करार. 13 मेच्या सकाळी आमच्या नाक्यावरच्या फळीवर दोन दैनिकं असतील, पैसे भरले आहेत. पट्टी नवीन बसवायची राहिली आहे, ती या रविवारी सकाळी आठला बसवतो आहोत. जवळ राहत असाल तर पाना घेऊन या.